अडीच किलोचा कीबोर्ड

केरू मास्तरांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची होती. एक, न बघता टाइप करणारी. दुसरी, बाकीची. बाकीच्यांमध्ये तहसील कचेरीतले कारकून आले, बँकेचा मॅनेजर आला, मास्तरांचा सख्खा मेहुणाही आला. शहापूरच्या एस.टी. स्टँडमागे पत्र्याखाली त्यांचा टायपिंगचा क्लास होता. सात मशीनं इंग्रजी, चार मराठी, आणि भिंतीवर त्यांच्याच हाताने रंगवलेली पाटी : 'खाली बघणाऱ्याने खालीच राहावे.' पाटी वाचून एखादा पोरगा हसला, तर त्याला पहिला आठवडा नुसत्या करंगळीचा सराव मिळे.

हाताखालून दीडदोनशे लोक नोकरीला लागले. डोळखांबकडच्या पाड्यातून येणारा भगीरथ पंचायत समितीत चिकटला, कसाऱ्याची दोन पोरं रेल्वेत गेली. मास्तर स्वतः मात्र कुठेच लागले नाहीत. त्यांच्या उमेदीच्या काळी परीक्षेला उमेदवाराने स्वतःचं मशीन न्यायचं, असा नियम होता. चुलत्याने कुठूनसं मागून आणलेलं मशीन गोणपाटात बांधून ते डोक्यावरून ठाण्याला घेऊन गेले आणि ऐन परीक्षेत त्याच्या कॅरेजचा, म्हणजे कागद घेऊन सरकणाऱ्या वरच्या भागाचा, पट्टा तुटला. दुसऱ्याच्या मशीनवरचा आणि दुसऱ्याच्या शहाणपणावरचा त्यांचा विश्वास त्या दिवशी जो उडाला तो उडालाच.

गावात कंप्युटर आला तेव्हा पडद्याबद्दल मास्तरांनी अवाक्षर काढलं नाही. टीव्ही असतो तसा तो, असं म्हणून सोडून दिलं. त्यांचा राग होता कीबोर्डवर. सत्त्याण्णव साली बँकेत त्यांनी पहिल्यांदा एका कीबोर्डवर बोटं ठेवली आणि लगेच उचलून शर्टाला पुसली.

"ओल्या पोह्यांत हात घातल्यागत लागतंय," ते मॅनेजरला म्हणाले. "अक्षर कधी उमटलं ते बोटाला कळत नाय."

"पडद्यावर दिसतं की, मास्तर."

"म्हंजे बघावं लागतं," मास्तर म्हणाले. मॅनेजर बाकीच्यांत जमा झाला तो त्या दिवशी.

त्याच वर्षी दिवाळीनंतर वाशिंदकडची एक कंपनी बंद पडली आणि तिचं भंगार हायवेच्या कडेला दामूच्या अड्ड्यावर येऊन पडलं. मास्तर तिथे मशीनसाठी एक स्प्रिंग शोधायला गेले होते. ढिगात त्यांना तीन कीबोर्ड दिसले. तिन्ही जुने, तिन्ही वजनदार, वायरी गुंडाळलेल्या. मास्तर भंगारातल्याच एका डब्यावर बसले, कीबोर्ड मांडीवर घेतला आणि डोळे मिटून टाइप करायला लागले. दामू तोंडातली तंबाखू चघळायची विसरून बघत राहिला.

पहिल्याची कळ खाली जायची, वर यायची, मध्ये कुठे अडणं नाही की सांगणं नाही. गोडबोल्या माणूस असतो तसा, प्रत्येक गोष्टीला हो म्हणणारा. मास्तरांनी तो बाजूला ठेवला. दुसरा आवाज करायचा, चांगला टिकटिक वाजायचा, पण बोटाला जिथे अडल्यासारखं वाटे तिथे आवाज येत नसे, आवाज जरा नंतर येई. "हा थापाड्या," मास्तर म्हणाले. तिसरा उचलतानाच त्यांनी हुं केलं. दामूच्या काट्यावर तो अडीच किलो भरला. तळाला अख्खा लोखंडी पत्रा. कळांच्या रांगा सपाट नव्हत्या, परातीसारख्या मध्ये खोलगट होत्या, म्हणजे वरच्या रांगेतली कळ बोटाकडे झुकून येई आणि खालच्या रांगेतली बोटाला सामोरी जाई. मास्तरांनी एका कळेची टोपी उपटून पाहिली. आत एक बारीक स्प्रिंग उभी होती. कळ दाबली की ती स्प्रिंग आधी विरोध करायची, मग कमरेत एकदम वाकायची, आणि वाकता क्षणीच खाडकन आवाज व्हायचा. अडणं, वाकणं, वाजणं, सगळं एका जागी. खोटं काही नाही.

"मास्तर, ह्याच्यात तांबं नाय," दामू म्हणाला. "ते वाजणारं घ्या, ते तरी नवं दिसतंय."

"तू भंगार विकतोस म्हणून ठीक हाय रे," मास्तर म्हणाले, "पण विचार तरी भंगार करू नको."

आता यात एक गोष्ट अशी होती की मास्तरांकडे कंप्युटर नव्हता. घ्यायचा विचारही नव्हता. संध्याकाळी क्लास सुटला की ते घरी ओट्यावर पाट घेत, पाटावर तो कीबोर्ड ठेवत, वायर नीट गुंडाळून मागे सारत आणि तासभर टाइप करत. कशाला जोडलेला नाही, समोर पडदा नाही, कागद नाही. खडाखडा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. येसूबाई, म्हणजे त्यांची बायको, भाकऱ्या थापता थापता म्हणे, "अवो, त्या वायरीला कायतरी जोडा. निदान मिक्सर तरी." मास्तर तिलाही बाकीच्यांत धरत, फक्त तसं बोलून दाखवत नसत.

त्यांची मुलगी पौर्णिमा त्या पाटावरच शिकली. मशीनवर जशी ओळ संपत आली की घंटी वाजते आणि आपण लिव्हरने कॅरेज मागे ढकलतो, तसं या कीबोर्डवर दहा शब्द झाले की उजव्या करंगळीने एंटर मारायचा, असं मास्तरांनी स्वतःच ठरवलं होतं. त्या कीबोर्डचा एंटर मोठा होता आणि त्याचा आवाज इतर कळांहून जाड यायचा, ठण्ण असा. दहा शब्द, ठण्ण. दहा शब्द, ठण्ण. मास्तर आत कपडे बदलत असले तरी भिंतीपलीकडून ओरडत, "पौर्णिमा, ओळ." आणि लगेच ठण्ण ऐकू येई.

मास्तरांच्या तिरस्काराचा सगळ्यात मोठा वाटा मात्र महेंद्रच्या नावावर होता. महेंद्र त्यांचाच विद्यार्थी, मिनिटाला चाळीस शब्दांची इंग्रजी परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झालेला, ही गोष्ट मास्तर त्याच्या पाठीमागे आणि तोंडावर सारख्याच आवाजात सांगत. त्याने मुरबाडला कंप्युटर क्लास काढला. काचेचं दार, भगभगीत निळा रंग, बाहेर चपलांची रांग. दोन हजार एक साली तो नवा कीबोर्ड घेऊन मास्तरांना दाखवायला शहापूरला आला. जयभीम करून त्याने पिशवी उघडली.

"हे बघा मास्तर, मल्टिमीडिया. ह्याला ई-मेलचं वेगळं बटण हाय."

"ई-मेल हाय का तुज्याकडं?"

"लाइन यायचीय अजून."

"म्हंजे घर बांधायच्या आधी बेल बसवलीस," मास्तर म्हणाले. त्यांनी तो कीबोर्ड दोन बोटांनी उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा, आणि उलटा करून परत ठेवला. "खालून रबराची चकती. चार महिन्यांत ह्याची अक्षरं पुसतील, सहा महिन्यांत स्पेस चिकटेल. आणि हलका एवढा की टाइप करता करता टेबलावरून चालत बाहेर जाईल. तू त्याच्या मागं जाशील."

महेंद्र हसला. त्याला मास्तरांचं बोलणं लागत नसे, किंवा लागत असलं तरी तो दाखवत नसे. मास्तरांना याचाही राग होता.

पुढे सरकारी नोकरीला कंप्युटरचा दाखला लागायला लागला तशी पौर्णिमा आठवड्यातून तीनदा मुरबाडला महेंद्रच्या क्लासला जाऊ लागली. मास्तरांनी विरोध केला नाही. दाखला म्हणजे कागद, आणि कागद कुठूनही आणावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्याच आठवड्यात ती घरी आली आणि उत्साहाने म्हणाली, "बाबा, कंप्युटरवर एंटर मारावाच लागत नाय. ओळ आपोआप खाली येते."

"आपोआप?"

"हां. आपण नुसतं टाइप करत राहायचं."

मास्तरांनी पोट धरून हसून घेतलं. "येसू, ऐकलंस का? ओळ आपोआप खाली येते. मग नोकरी पण आपोआप लागंल, हिला कशाला पाठवायची." येसूबाईही हसली. पौर्णिमा आत निघून गेली आणि तो विषय तिने पुन्हा काढला नाही. पाटावर बसली की ती पूर्वीसारखाच दहा शब्दांनी एंटर मारत राहिली, आणि मास्तरांना वाटलं, पोर शुद्धीवर आली.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात एका सरकारी कार्यालयातल्या लिपिक-टंकलेखकाच्या चार जागांसाठी टायपिंगची परीक्षा निघाली. लेखी परीक्षेत पौर्णिमा वरून दुसरी आली होती. वय चोवीस, मागे दोन जागा थोडक्यात हुकलेल्या, आणि पुन्हा जाहिरात कधी येईल हे त्या कार्यालयालाही ठाऊक नव्हतं. दहा मिनिटं टायपिंग, तेवढं पार पडलं की कायमची नोकरी. येसूबाईने शेजारच्या बाईजाला आधीच सांगून टाकलं होतं की या घरात पहिला पगार येणार. पत्रात शेवटी एक ओळ होती : उमेदवारास हवा असल्यास स्वतःचा कीबोर्ड आणता येईल. मास्तरांनी ती ओळ तीनदा वाचली. तीस वर्षांपूर्वीचा नियम त्यांच्यासाठीच परत आला होता, असा त्यांचा चेहरा झाला.

"माझा बोर्ड न्यायचा," ते म्हणाले.

पौर्णिमा नाही म्हणेल, तिथे सगळे हसतील म्हणेल, अशी त्यांची अपेक्षा होती आणि तिच्यासाठी त्यांनी उत्तरं तयार ठेवली होती. पण ती म्हणाली, "तोच नेणार होते. महेंद्रदादाकडच्या बोर्डांवर माझी बोटं घसरतात. ह्याच्यावर मला बघावं लागत नाय." मास्तरांना एवढा आनंद झाला की तो लपवायला त्यांनी येसूबाईला चहात साखर कमी आहे म्हणून बोलून घेतलं.

जुन्या वायरीची पिन जाड होती, नव्या कंप्युटरला बारीक लागते. मास्तरांना हे माहीतच नव्हतं. पौर्णिमाने महेंद्रला सांगितलं आणि त्याने जाडीची बारीक करणारा बोटाएवढा तुकडा ठाण्याहून आणून दिला, वर एकदा आपल्या कंप्युटरला जोडून बघितलं. मास्तर तुकडा हातात फिरवून म्हणाले, "महेंद्रचा उपयोग असा कधीतरी होतो."

परीक्षेच्या दिवशी बापलेक सकाळची एस.टी. धरून किन्हवलीमार्गे मुरबाडला निघाले. कीबोर्ड येसूबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मास्तरांनी मांडीवर घेतला होता. परीक्षा एका कॉलेजच्या कंप्युटरच्या खोलीत होती. व्हरांड्यात महेंद्र आपल्या तीन पोरांना घेऊन उभा होता, तिघांच्या हातात तेच हलके काळे कीबोर्ड. मास्तरांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, मयताला आल्यासारखी.

परीक्षा घेणारे साहेब दारात आले आणि त्यांनी नियम वाचून दाखवले. मजकूर दहा मिनिटांचा. चूक झाली तर एवढे गुण कमी. बाहेरच्या कोणीही उमेदवाराशी बोलायचं नाही. बोलल्यास त्या उमेदवाराची परीक्षा रद्द. मास्तर शेवटचा नियम ऐकून हसले. मध्येच सांगावं लागेल असे उमेदवार महेंद्र घडवतो, आपण नाही.

उकाड्यामुळे खिडक्या सताड उघड्या होत्या. मास्तर खिडकीजवळच्या बाकावर बसले, शेजारी महेंद्र. आत साहेबांनी सुरू म्हटलं आणि वीस कीबोर्डांची कुजबुज सुरू झाली. त्या कुजबुजीवर स्वार होऊन एकच आवाज बाहेर आला, खडाखडा, स्वच्छ, एकसारखा. आतून कोणीतरी "अरे बापरे" म्हणालं. मास्तरांनी डोळे मिटले. त्या आवाजात त्यांना स्पेस कळत होती, मोठं अक्षर कळत होतं, शब्द कुठे संपला ते कळत होतं. पोरगी चाळीस कुठली, पन्नासच्या वर चालली होती आणि एकही ठेच नव्हती. शेजारचा महेंद्रही कौतुकाने म्हणाला, "मास्तर, बोर्डात दम हाय."

दहा शब्द झाले. मास्तर ठण्णची वाट बघू लागले.

अकरा झाले, बारा झाले. ठण्ण आला नाही. ओळ लांब असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. वीस झाले. पंचवीस. खडखडाट चालूच, एंटर नाही. मास्तरांनी डोळे उघडले. मशीनवर घाबरलेली पोरं असंच करतात हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. घंटी ऐकू येत नाही, कॅरेज कडेला जाऊन अडते, आणि पोर तशीच बडवत राहते. शेवटच्या जागी अक्षरावर अक्षर बसत जातं आणि कागदावर नुसता काळा डाग उरतो. त्यांना तो डाग डोळ्यांसमोर दिसायला लागला. पन्नास शब्द. साठ. आता ही तिसरी जागा, पहिला पगार, सगळं त्या डागात चाललं होतं. ते उठले.

"बसा मास्तर," महेंद्र म्हणाला.

"ती ओळ बदलत नाय."

"मास्तर, कंप्युटरवर ते—"

"तू मला टायपिंग शिकवू नको," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या खेपेला पास झालेला तू."

महेंद्रने त्यांचा हात धरला. तो झटकून ते खिडकीशी गेले आणि अकरा मशीनांच्या गदारोळातही शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाले, "पौर्णिमा, ओळ."

खडखडाट थांबला. मग बाकीची कुजबुजही थांबली.

साहेब बाहेर आले. "कोण बोललं?"

"मी," केरू मास्तर म्हणाले. "मी तिचा मास्तर."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा आत पाहिलं. "नाव घेऊन सूचना दिलीत तुम्ही," ते म्हणाले. "वीस जणांनी ऐकलं. मला दुसरं काही करता येत नाही." महेंद्र पुढे झाला. साहेब, ती सूचना नव्हती, ती चुकीची होती, पोरीला तिचा उपयोगच नव्हता, उलट नुकसान होतं, असं तो हात जोडून सांगत राहिला. ज्याला मास्तरांनी दोन वर्षं हसून घेतलं तो त्यांच्यासाठी परक्या माणसापुढे वाकत होता, आणि मास्तरांना तो काय म्हणतोय तेच नीट कळत नव्हतं. साहेबांनी मान हलवली आणि आत जाऊन पौर्णिमाला उठायला सांगितलं.

खिडकीतून मास्तरांना तिचा पडदा दिसला. आयुष्यात पहिल्यांदाच ते कंप्युटरच्या पडद्यावर टाइप केलेलं काही इतक्या जवळून बघत होते. डाग कुठेच नव्हता. ओळी एकीखाली एक, सरळ, शेतात चिखलणी करून लावलेल्या भाताच्या आवणासारख्या उतरत गेल्या होत्या. कोणी ढकलल्या नव्हत्या. शेवटची ओळ अर्ध्यावर थांबली होती, आणि तिच्या टोकाशी एक बारीक रेघ लुकलुकत होती.

"आपोआप येतात," महेंद्र त्यांच्या मागून हळू म्हणाला. त्याच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

पौर्णिमाने स्वतः वाकून वायर काढली, तो बोटाएवढा तुकडा महेंद्रच्या हातात परत दिला, आणि कीबोर्ड लुगड्यात गुंडाळून घेतला. ती रडली नाही. मास्तरांनी तो घ्यायला हात पुढे केले, पण तिने दिला नाही. स्टँडपर्यंत ती पुढे आणि मास्तर मागे असे चालले. वाटेत भेटलेल्या एका ओळखीच्या माणसाने विचारलं, काय मास्तर, मुरबाडला कुठं. मास्तर तसेच पुढे चालत राहिले.

एस.टी.त ती खिडकीशी बसली, कीबोर्ड मांडीवर. गाडी किन्हवलीच्या पुढे आली.

"जड लागत असंल," मास्तर शेवटी म्हणाले. "दे माझ्याकडं."

"नाय लागत."

आणखी एक थांबा गेला. एक बाई टोपली घेऊन चढली, मास्तरांनी तिला जागा करून दिली.

"मी तुमाला सांगितलं होतं, बाबा," पौर्णिमा म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी. तुमी हसला होता. आईला पण हसवलंत."

"मग घरी पाटावर बसून एंटर का मारायचीस?"

"तुमाला बरं वाटावं म्हणून."

मास्तरांनी समोरच्या सीटचा दांडा धरला. आयुष्यभर प्रत्येकाला द्यायला त्यांच्याकडे एखादा टोमणा तयार असायचा, दामूला, मॅनेजरला, महेंद्रला, येसूबाईला. आता त्यांनी तो दांडा शहापूर येईपर्यंत सोडला नाही.

शहापूरचा स्टँड आला. उतरताना मास्तर खाली थांबले आणि त्यांनी वर हात केला, पडू नये म्हणून. पौर्णिमाने एका हाताने त्यांचा हात धरला, दुसऱ्या काखेत कीबोर्ड होता.

"पुढच्या वेळी पण हाच बोर्ड नेईन," ती पायरी उतरून म्हणाली. "तुमी येऊ नका."